विषय: उत्तर: देणग्या आणि पर्यावरणाचे कायदे

नमस्कार मंडळी,
अमेरिकेत तेल कंपन्या राजकारण्यांना देणग्या देतात आणि निवडून आलेले लोक त्यांच्या बाजूने हात वर करतात. सगळा सौदा आधीच ठरलेला असताना आपण पत्रं लिहून काय होणार?

---

काका, नमस्कार.
तुमचा संताप रास्त आहे, पण पैसा नेहमी मताच्या आधी येतो असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात 2020 मध्ये एक अभ्यास आला होता. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य पर्यावरणाच्या विरोधात जितकं मतदान करतात, तितकी पुढच्या निवडणुकीत त्यांना तेल-वायू कंपन्यांकडून मिळणारी देणगी वाढते, असं त्यात दिसलं. मत विकत घेण्यापेक्षा, आधीच आपल्या बाजूला असलेल्याला खुर्चीत टिकवायचं. मला हे जास्त घातक वाटतं, कारण यात कायदा मोडतच नाही. पकडणार कुणाला?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कायदा मोडला म्हणून सगळं बाहेर आलं. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून सुमारे 6 कोटी डॉलर एका संस्थेत गेले. अशा संस्थांना देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत, आणि तिची सूत्रं होती ओहायोच्या विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांच्या हातात. 2019 मध्ये कायदा झाला: ग्राहकांच्या बिलातून दोन अणुवीज केंद्रांना मदत, दोन जुन्या कोळसा केंद्रांना अनुदान (त्यातलं एक तर शेजारच्या इंडियाना राज्यात!), आणि अपारंपरिक विजेचं उद्दिष्ट 12.5 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर. सभापतींना 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. अणुवीज केंद्रांची मदत त्याआधीच रद्द झाली होती. कोळशाचं अनुदान मात्र शिक्षा झाली तेव्हाही लोकांच्या बिलात चालूच होतं.

---

ताई, म्हणजे माणसाला शिक्षा झाली तरी कोळशाचं अनुदान चालूच राहिलं. मग पत्रं कुणाला लिहायची?

---

काका, आपल्या राज्याच्या विधिमंडळातल्या ऊर्जा समितीच्या सदस्यांना. विधेयक तिथेच अडतं किंवा तिथेच त्याची कलमं बदलतात, आणि त्या सुनावणीला वीज कंपनीची माणसं हमखास हजर असतात. सामान्य ग्राहक क्वचितच असतो. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावणीतही तेच. पुढची सुनावणी लागली की तारीख इथे टाकते. आपल्यातले दोघं-तिघं बोलायला तयार असतील, तर कोण काय मांडणार ते आधी वाटून घेऊ.