प्रतिसाद: रीसायकल प्लास्टिकपेक्षा फोन किती वर्षं टिकतो ते बघा

‘पर्यावरणासाठी रीसायकल प्लास्टिकचा फोन घेतला की झालं’ असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते पटत नाही. फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो तयार होतानाच पडून जातो. म्हणून तोच फोन तीनऐवजी सहा वर्षं वापरणं ही खरी बचत.

त्यासाठी आधी कंपनीकडून सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार ते तपासा. गॅलॅक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ साठी ७ वर्षं जाहीर झाली आहेत, पण ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजायची. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात.

आपल्याकडे खरा शत्रू ऊन. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. गाडीच्या होल्डरवर उन्हात मॅप आणि चार्जिंग एकदम चालू ठेवलं की बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगून मागचं झाकण उचलते. फुगली तर चार्जिंग बंद करा, दाबू किंवा टोचू नका. एरवी चार्ज २० ते ८० टक्क्यांत ठेवा.

आणि घेण्याआधीच लातूर किंवा संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला विचारा: या मॉडेलची मूळ बॅटरी मिळते का, कितीला? बदलताना पाणीरोधक चिकटपट्टीही नवीन लावून घ्या.