जागा दाखवायची तर व्हिडिओ की फोटो?

तिरकी_चौकट
एका जुन्या बंदरावर पाच मिनिटांचं काहीतरी करायचं म्हणून दोन दिवस तिथे भटकलो. हाताशी अडीच तासांचं फुटेज आणि चारेकशे फोटो आहेत. एडिटिंगला बसलो आणि मत फिरलं. जागा दाखवायला फोटोच बरे. व्हिडिओत दिसतो तो मी, म्हणजे माझी चाल, माझी घाई. फोटो आठ सेकंद पडद्यावर ठेवला की बघणाऱ्याची नजर आपली आपण फिरते. होडीवर आधीचं नाव खरवडून नवं रंगवलंय, खाली जुनी अक्षरं अजून डोकावतायत, हे मला फोटोत दिसलं. व्हिडिओतही ती होडी आहे, पण मी तिच्यावरून सर्रकन पुढे गेलोय.

शिवाय ४के व्हिडिओची एक चौकट म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. माझा कॅमेरा फोटोला २ कोटी ४० लाख देतो. फोटोत आत शिरता येतं, व्हिडिओत शिरलं की चिखल.

वाऱ्याचा_आवाज
साफ असहमत. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला. रस्ता गजबजलेला, पण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं. त्यामुळे घोडागाड्या, माणसं सगळी गायब. बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला, कारण तो हलला नाही. फोटोला गर्दीचं वावडं आहे ते तेव्हापासून! आता शटर वेगवान झालं, तरी रस्ता रिकामा आपणच करतो. खरं सांगा, चौकटीतून माणूस बाहेर जाईपर्यंत किती वेळा थांबलात?

तिरकी_चौकट
पकडलंत. बऱ्याचदा.

खिडकीपाशी
पिक्सेलचा मुद्दा बाजूला ठेवा, पडदाच ४के असेल तर अख्खा फोटो दाखवताना त्या २ कोटींचे तेवढेच उरतात.

माझा आक्षेप अंतराचा आहे. फोटोंच्या माळेत धक्का कुठे, गोदाम कुठे, एकापासून दुसरं किती लांब, काही म्हणजे काही कळत नाही. १८९६ साली सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या ल्युमिएर कंपनीच्या प्रोमिओ या कॅमेरामनने व्हेनिसमध्ये कॅमेरा गोंडोल्यात ठेवला. कॅमेरा जागच्या जागी, होडी चालतेय, काठावरची घरं सरकतायत. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी कालवा कळवायला याहून साधी युक्ती मला माहीत नाही. फाटकापासून पाण्यापर्यंत एक न तोडलेला शॉट लावा, जागेचा नकाशा बघणाऱ्याच्या पायात उतरतो. फोटोंच्या माळेत दुसऱ्याच बंदराचा फोटो घुसडला तर कोणाला पत्ता लागणार?

जोडकाम
पत्ता व्हिडिओतही लागत नाही हो. १९२० च्या सुमारास कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने मॉस्कोत घेतलेल्या तुकड्यांमध्ये वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचा तुकडा जोडला होता. बघणाऱ्याला सगळं एकाच गावातलं वाटलं. कात्री आली की लबाडी आली. तुम्ही म्हणता तो न तोडलेला शॉट ठीक, पण पाच मिनिटांत असे किती बसवणार?

आणि फोटोंचा मोंताज, म्हणजे जुळणी, ती एकामागून एक फोटो एवढीच धरून का चाललोय आपण? हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने १९८२ पासून पोलरॉइड, म्हणजे काढल्या काढल्या हातात येणारे फोटो, शेजारी शेजारी लावून चित्रं केली. एकाच खोलीचे बरेच तुकडे, प्रत्येक थोड्या वेगळ्या जागेवरून, थोड्या वेगळ्या वेळी घेतलेला. कडा जुळत नाहीत. पण खोलीत उभं राहून आपण मान वळवतो तेव्हा तरी कुठे जुळतात?

मधलीवाट
भांडण मिटवतो. जे संपलंय त्याला फोटो, जे चालू आहे त्याला व्हिडिओ. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा १९५७ चा ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा माहितीपट घ्या. सोन्याच्या शोधात लोक लोटले तेव्हाचं डॉसन शहर त्यात जुन्या फोटोंमधून दिसतं, कॅमेरा त्या फोटोंवरून फिरतो. आजचं डॉसन मात्र चालत्या चित्रातच आहे.

वाऱ्याचा_आवाज
ही पळवाट झाली. तिथे जुन्या काळाचे फोटोच हाताशी होते, निवड होतीच कुठे? धागाकर्त्याकडे दोन्ही आहे, म्हणून तर प्रश्न पडलाय.

बाय द वे, ती फोटोंवरून कॅमेरा फिरवायची युक्ती आता प्रत्येक ॲपमध्ये आपोआप येते आणि मला तिचा वीट आलाय. कशावरही हळूच झूम. का? तिथे बघण्यासारखं काही आहे म्हणून, की स्थिर चित्र दाखवायची भीती वाटते म्हणून?

खिडकीपाशी
+१. आणि उभे फोटो आडव्या पडद्यावर बसवायला दोन्ही बाजूंना त्याच फोटोची धूसर आवृत्ती! त्यापेक्षा काळे पट्टे परवडले.

कानोसा
सगळे डोळ्यांवर भांडताय. फोटोच वापरा, पण खाली ते बासरी-पियानो नको. त्या जागेचाच आवाज घाला. दोर करकरतो, पाणी लाकडावर आपटतं, लांबून कोणीतरी हाक मारतं. व्हिडिओ घेणाऱ्याला आवाज फुकटात मिळतो आणि तोच नेमका तो म्यूट करून वर संगीत चढवतो.

जोडकाम
म्हणजे व्हिडिओच झाला की!

कानोसा
नाही. आवाज चालू राहतो आणि चित्र थांबलेलं असतं, तेव्हा चौकटीबाहेर काय चाललंय ते माणूस मनात रंगवतो. करून बघा, मग बोला.

तिरकी_चौकट
काल पुन्हा सगळं फुटेज उपसलं. चार मिनिटांची एक क्लिप सापडली, जी मी घेतल्याचं मला आठवतच नव्हतं. कॅमेरा तिपाईवर लावून बॅगेतली बॅटरी शोधायला गेलो आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. दोन मिनिटं काहीच होत नाही. मग एक म्हातारा येतो, होडीचा दोर सोडतो, परत बांधतो, गाठ हाताने चाचपतो आणि निघून जातो. होडी तीच, खरवडलेल्या नावाची. माझ्या चालत्या शॉट्समध्ये तो नाही. फोटोंतही नाही, कारण तो असता तर मी तो जायची वाट पाहिली असती.

आता ती क्लिप जशीच्या तशी आणि अकरा फोटो, एवढंच टाइमलाइनवर आहे. क्लिप आधी की फोटो आधी, तिथे अडलोय.

खिडकीपाशी
क्लिप आधी. होडी कुठे आहे ते कळू दे, मग नावाजवळ न्या.

वाऱ्याचा_आवाज
क्लिप शेवटी. आणि फोटोंवरचा झूम काढा.