सब्जा कोरडा खाऊ नका

सब्जाच्या बियांनी पोट साफ राहतं, असं काहीजण सांगतात, ते खरंच. पण "कोरडाच चमचाभर तोंडात टाकून वरून पाणी प्या" हा त्यांचा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका. परभणीला मे महिन्यात रानातून उन्हाचे आलेल्या आमच्या मामांनी तेच केलं. बी घशातच फुगलं, घोट खाली जाईना, डोळ्यांत पाणी आलं. मामी पाठ चोळत बसल्या, आम्ही सगळे घाबरून गेलो होतो.

चमचाभर बी पेलाभर पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. काळ्या दाण्याभोवती पांढुरका बुळबुळीत थर धरला की मगच लिंबू सरबतात घाला. लहान लेकरांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना तर भिजवलेलाही जपूनच. आणि हो, अंगणातल्या तुळशीच्या मंजुळा म्हणजे सब्जा नव्हे. ते झाड वेगळं.