३२ बाय ४८ पिक्सेलमध्ये धोतर: निऱ्यांचे पट्टे का दिसायलेत?

पिक्सेलकर_परभणी
पैठणहून पंढरपूरला निघणाऱ्या नाथांच्या पालखीवर छोटा गेम करायलोय. वारकऱ्याचा स्प्राइट, म्हणजे गेममधलं त्याचं छोटं चित्र, ३२ पिक्सेल रुंद, ४८ उंच. धोतराला पांढरा आणि चार करडे, असे ५ रंग. कमरेपासून घोट्यापर्यंत एकेका पिक्सेलच्या उभ्या रेघा मारल्या, तर धोतर राहिलं बाजूला, पट्ट्यांचा पायजमाच दिसायलाय. चालताना रेघा लुकलुकतात ते वेगळंच. पिक्सेल-चित्रं काढायचं एसप्राइट सॉफ्टवेअर वापरतो.

कसोटा
दादा, निऱ्या वेगळ्या अन् चुण्या वेगळ्या. निरी खोचलेल्या जागेतून सुटते आणि खाली रुंदावते. चुणी ताण पडतो तिथं येते. तुम्ही दोन्हींना एकाच मापाच्या रेघा दिल्यात.

४८ च्या स्प्राइटमध्ये धोतराला १८-२० पिक्सेल उंची मिळते. तेवढ्यात दोन निऱ्या बसतात, फार तर तीन. बेंबीखाली १ पिक्सेलनं सुरू करा, तळाशी ३ होऊ द्या, आणि एखादी मध्येच विरू द्या. गडद कड एकाच बाजूला टोकदार ठेवा, म्हणजे कापड जिथं आत वळतं तिथं. दुसऱ्या बाजूनं मधला रंग घेत उजेडाकडे या. दोन्ही बाजूंनी सारखी छटा दिली की निरीची नळी होते.

पुढच्या गुडघ्यावर कापड ताणलेलं असतं, तिथं एकही रेघ नको, फिकट सपाट ठिपका पुरे. चुण्या गुडघ्यामागं, दोन तिरपे तुकडे.

रंगाचा_डबा
पाच रंग जास्त होतात, त्यात करडे एकमेकांना चिकटलेत. चारच घ्या (आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमानं): २४४-२३८-२२२, २०६-२००-२०४, १४८-१४६-१७२, ८८-८६-१२०. सावली निळसर-जांभळी गेली की पांढरं कापड मळकट दिसत नाही. सगळ्यात गडद रंग फक्त दोन मांड्यांमधल्या फटीत आणि कमरेच्या खोचीखाली. तळाच्या काठाला खालून परतणारा उजेड देऊ नका, काळ्या रानातून तो येणार कुठून!

आणखी एक, फिकट आणि गडद पट्ट्यांची टोकं एकाच ओळीत संपली की पायऱ्या दिसतात. एक टोक १-२ पिक्सेल वर-खाली सरकवा.

पिक्सेलकर_परभणी
पट्टे गेले, आभार. लुकलुक मात्र आहेच. आणि नऊवारीचा काठ कसा घ्यायचा?

कसोटा
लुकलुकायचं कारण, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे चालीतल्या एकेका चित्राला, निरी नव्यानं काढताय. कमरेकडचं टोक कमरेलाच बांधलेलं ठेवा, कंबर १ पिक्सेल वर-खाली झाली तरच ते हलेल. बाकी फक्त तळाचं टोक हलवा, तेही पायाच्या एक फ्रेम मागून. पाय फाकलेले असताना ताण एका गुडघ्यापासून दुसऱ्याकडे तिरपा जातो, पाय जवळ आले की निऱ्या सरळ लोंबतात. हे दोन आकार नीट जमवा, मधल्या फ्रेमा त्यातूनच निघतात. आणि तपासायचं ते १०० टक्के आकारात. ८०० टक्क्यांवर सगळं छानच दिसतं.

रंगाचा_डबा
काठ म्हणजे आयती सोय, सावलीपेक्षा तोच निरी जास्त सांगतो. २ पिक्सेलची सलग पट्टी ओढू नका. प्रत्येक निरीच्या गडद कडेशी ती तोडा, पुढचा तुकडा १ पिक्सेल वर घ्या, मग परत खाली. सुती लुगड्याला एवढ्यावर भागतं. पैठणी असेल तर रेशमाला उजेडातून गडदाकडे मधला रंग गाळून उडी मारू द्या, आणि जरीच्या पदरावर फिकट पिवळ्याचे दोन-तीनच पिक्सेल ठेवा. तिथं शुद्ध पांढरा टाकला तर जरी नाही, पत्रा दिसतो.