सरळ रेषेतील अंतर आणि सिम्पसनच्या वालुकाटेकड्या

ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातील अक्षांश-रेखांशांच्या छेदनबिंदूपर्यंत पायी जाण्यास जीपीएस पुरेसा आहे, असे एक मत आहे; त्याला थोडी पुस्ती जोडतो. सोबतचा कागदी नकाशा १९६६ च्या जुन्या भूमापन-आधारावरचा (म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात त्या संदर्भ-चौकटीवरचा) असेल, तर त्यावरील छेदनबिंदू आणि जीपीएसचा बिंदू यांत सुमारे दोनशे मीटरचा फरक पडतो.

सिम्पसन वाळवंटात २६ अंश दक्षिण व १३८ अंश पूर्व येथील पोपेल कॉर्नरचा, म्हणजे तीन प्रांतांच्या सीमा मिळतात तिथला, खांब तर आधी मिठाच्या तळ्यातच रोवला गेला होता. भूमापक ऑगस्टस पोपेल यांची मोजणीची साखळी प्रमाणापेक्षा किंचित लांब असल्याचे उघड झाल्यावर लॉरेन्स वेल्स यांनी १८८४ मध्ये तो पूर्वेकडे काठावर आणला.

पण खरी अडचण जीपीएसच्या पडद्यावर दिसणाऱ्या सरळ अंतराची आहे. सिम्पसन वाळवंटातील टेकड्या साधारण दक्षिणोत्तर समांतर पसरलेल्या असून त्यांची पूर्वेकडील बाजू अधिक चढणीची असते. म्हणून पूर्वेकडून निघणाऱ्याला प्रत्येक टेकडी तीव्र बाजूने चढावी लागते आणि पाण्याचा हिशेब किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर करावा लागतो. उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, या वाळवंटाचे दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतातील संरक्षित क्षेत्र बंदच असते, आणि ते योग्यच आहे.