मदत हवी आहे: १९९४ च्या मियाटात स्टिरिओ बदलायचाय, पण डॅश कापायचा नाही

घाटवाट

नमस्कार मंडळी, गाडी माझदा एमएक्स-५ मियाटा, १९९४ ची, म्हणजे पॉप-अप लाइटवाली पहिली पिढी पण १.६ नाही तर १.८ लीटर इंजिन, पाच गिअर, काचा हाताने फिरवायच्या. मी ओहायोत कोलंबसला राहते, गाडी एप्रिल ते ऑक्टोबर चालते आणि बर्फ पडायला लागला की गॅरेजमध्ये चार्जर लावून झाकून ठेवते. आधीच्या मालकाने काहीही छेडछाड केलेली नाही, कंपनीचा कॅसेटवाला स्टिरिओ, दारातले कागदी कोनचे स्पीकर, हेडरेस्टमधले छोटे स्पीकर, सगळं मूळचं आहे आणि म्हणूनच हात लावायला जीव होत नाही.

पण आता इलाज नाही. डाव्या दारातला स्पीकर फाटलाय, फरफर आवाज येतो, कॅसेटची यंत्रणा टेप खाते आणि कॅसेटचा अ‍ॅडॉप्टर घालून फोन लावला तर मागे सतत सूंऽऽ असा आवाज, जो अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढतो. छत उघडं टाकून साठच्या वर गेलं (मैल बरं का) की भीमसेनजींचा आवाज तेवढा कसाबसा पोचतो, तानपुरा गेला, डग्गा गेला, फक्त चाटीवरची टकटक उरते. किशोरीताई लावल्या तर आलापीतली सगळी नजाकत वाऱ्यात जाते. माझं ऐकणं म्हणजे ऐंशी टक्के हेच, शास्त्रीय, अभंग, नाट्यसंगीत, त्यामुळे मला धडधड नकोय, मला आवाज *कळायला* हवाय.

इथल्या एका कार ऑडिओच्या दुकानात विचारलं तर त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं की मोठा टचस्क्रीन बसवू, त्यासाठी डॅश आतून थोडा कापावा लागेल, आणि डिकीत दहा इंची सबवूफर. मी तिथूनच परत आले. या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्या, न कापलेले डॅश कमी होत चाललेत, माझदाने स्वतः २०१७ साली जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याचा उपक्रम जाहीर केला म्हणजे मूळ स्थितीला किती किंमत आहे बघा. माझी एकच अट आहे, जे काही करू ते उद्या काढून सगळं मूळचं परत बसवता आलं पाहिजे. नवीन भोक नाही, कापलेली वायर नाही.

तर प्रश्न असे की डेक कुठला घ्यावा (म्हणजे नवा स्टिरिओ; सिंगल डिन की डबल, म्हणजे एक खण उंचीचा की दोन), नुसते दारातले स्पीकर बदलून भागेल का, हेडरेस्टचे ठेवावेत की नाही, आणि अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर) लागेलच का, लागला तर या एवढ्याशा गाडीत ठेवायचा कुठे. बजेट साधारण ६०० डॉलर, काम मी स्वतः करणार आहे, सोल्डरिंग येतं.

वायरमन_पुणे

ताई, तुमची अट एकदम बरोबर आहे, ती सोडू नका. मी पुण्यात हेच काम करतो, मियाटा आमच्याकडे येत नाही पण जुन्या गाड्या भरपूर येतात आणि निम्मा वेळ आधीच्या माणसाने तोडलेल्या वायरी जुळवण्यातच जातो.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ कपलर (स्टिरिओमागचा वायरींचा जोड) कापायचा नाही. माझदाच्या त्या काळातल्या कपलरला बसणारा अ‍ॅडॉप्टर हार्नेस तिकडे मेट्रा कंपनीचा वगैरे सहज मिळतो. त्याच्या वायरी नव्या डेकच्या वायरींना टेबलावर बसून जोडा, गाडीत वाकून नाही. पिवळी कायमचा करंट, लाल चावीवरचा, काळी अर्थ, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी पट्टी असेल तर ती निगेटिव्ह. सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा. काळी टेप अजिबात नको, उन्हाने दोन वर्षांत तिचा चिकट लगदा होतो.

निळ्या वायरीकडे लक्ष द्या. नुसती निळी असते ती पॉवर अँटेनाची आणि निळी-पांढरी असते ती अ‍ॅम्प चालू करायची. तुमच्या गाडीला पॉवर अँटेना असेल आणि ती निळ्या-पांढरीवर जोडली तर फोनवरून गाणी ऐकतानाही अँटेना वर उभी राहील, म्हणजे उगाच मोटर आणि दातेरी पट्टी झिजणार.

तो चढणारा सूंऽऽ आवाज अल्टरनेटरचा आहे. फोन गाडीच्याच चार्जरवर लावून त्याच वेळी कॅसेट अ‍ॅडॉप्टरमधून ऐकत असाल तर अर्थचा लूप होतो. फोन चार्जरवरून काढून बघा, आवाज गेला तर कारण तेच. ब्लूटूथवाला डेक आला की हा प्रश्न संपतो.

पॉपअप

माझ्याकडे १९९२ ची आहे, नॉर्थ कॅरोलायनात. डेकबद्दल माझं मत ठाम आहे, टचस्क्रीन घेऊ नका. छत उघडं असताना दुपारी स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि या गाडीत रस्त्यावरून नजर न काढता हाताला लागेल असं एक गोल बटण आवाजासाठी पाहिजेच. कन्सोलमधली जागा डबल डिनची आहे, १८० बाय १०० मिलिमीटर, त्यात सिंगल डिन डेक बसवून खाली एक कप्पा टाका, फोन, चष्मा ठेवायला होतो. सीडी नसलेला डेक घ्या, त्याची खोली कमी असते त्यामुळे मागे वायरींचा गठ्ठा मावतो, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर डेक शेवटचा एक इंच आत जात नाही आणि माणूस जोर लावतो आणि मग काहीतरी तुटतं.

कन्सोलचा पुढचा भाग काढताना आधी मधले दोन गोल एसीचे व्हेंट काढायचे, जुन्या प्लास्टिक कार्डाने चारी बाजूंनी हळूहळू, कारण तीस वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं. मग त्या भोकांतून हात घालून आतल्या क्लिपा सोडायच्या. थंडीत करू नका, गॅरेज गरम असेल तेव्हाच करा. बॅटरीची अर्थ आधी काढा, ९४ पासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग आहे, एअरबॅगचे कपलर दिसले की त्यांना हात लावायचा नाही.

अजून एक, कापडी छताची गाडी आहे. चोर कुलूप तोडत बसत नाही, सरळ छत फाडतो, आणि छत डेकपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून पुढचा भाग निघणारा डेक घ्या आणि तो काढून खिशात टाका.

खर्ज

तानपुरा आणि डग्गा जातो म्हणालात त्यावर थोडं लांबलचक लिहितो कारण सगळा निर्णय इथेच आहे.

गाण्याची पट्टी काळी एक धरली तर मधला सा १३८ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. डग्ग्याचा घुमारा पण याच पट्ट्यात. आणि छत उघडं असताना वाऱ्याचा, टायरचा जो गोंगाट असतो त्याचा बराचसा जोर याच खालच्या पट्ट्यात असतो, म्हणून आधी हेच झाकलं जातं. डेकवर बास वाढवून उपयोग होत नाही, कारण आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबल म्हणजे दसपट पॉवर. डेकवर ५० वॅट बाय ४ असं छापलेलं असतं ते पीक, खरी, सतत मिळणारी म्हणजे आरएमएस पॉवर चॅनलला १८-२० वॅटच्या पुढे जात नाही. म्हणजे तुम्ही आवाज वाढवता, डेकची पॉवर संपते, आवाज फाटतो आणि मग स्पीकर पण फाटतो.

म्हणून छोटा अ‍ॅम्प पाहिजेच. खूप मोठा नको, चॅनलला ४५-५० वॅट आरएमएस देणारा क्लास डी पुरे, अल्पाइनचा पॉवर पॅक आहे तसा, हाताच्या तळव्याएवढा.

आता हेडरेस्टचे स्पीकर. ते काढायचा विचारसुद्धा करू नका, या गाडीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ती आहे. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे चौपट पॉवर फुकट मिळाल्यासारखं. दारातला स्पीकर तुमच्या पोटरीजवळ, कानापासून जवळजवळ एक मीटर, आणि मधे वारा. हेडरेस्टचा कानापासून वीतभर. किशोरीताईंच्या आलापीतली बारीक जागा, मींड, श्वास, हे सगळं मधल्या आणि वरच्या पट्ट्यात असतं आणि ते हेडरेस्टवरूनच नीट येणार. फक्त मागच्या (म्हणजे हेडरेस्टच्या) चॅनलला हाय पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, २०० हर्ट्झच्या वर लावा म्हणजे ते छोटे कोन खालचा आवाज काढायला धडपडणार नाहीत, आणि पातळी अशी ठेवा की गाणं मागून येतंय असं वाटू नये. छत बंद असताना जवळजवळ शून्यावर, उघडं असताना हळूहळू वर.

नवे घालणार असाल तर अ‍ॅम्पला जोडायच्या आधी मीटरने रेझिस्टन्स मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो. त्याच्या बरंच खाली आलं तर दोन स्पीकर पॅरलल जोडलेले आहेत आणि डेकला किंवा अ‍ॅम्पला ते झेपेल का हे त्याच्या पुस्तकात आधी बघा.

दहा इंची सबवूफर नको. डिकी एवढीशी, त्यात स्टेपनी, बॅटरी, आणि डिकीतला बास उघड्या छतात तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत अर्धा विरतो. दारात चांगले साडेसहा इंची बसवा, दार आतून डॅम्पिंग शीट लावून बंदिस्त करा, डग्गा परत येईल. एकदम मैफलीत बसल्यासारखा नाही येणार, पण बोल कळतील.

वायरमन_पुणे

वरच्या भाऊंशी सहमत. दाराचं काम नीट केलं तर सब लागत नाही.

काच फिरवायच्या हँडलची सी-क्लिप काढायला हत्यार विकत घेऊ नका, जुन्या बनियनची पट्टी हँडल आणि दाराच्या आतल्या पॅडच्या मधे घालायची आणि दोन्ही टोकं धरून पुढेमागे घासायची, क्लिप स्वतःच सुटते (उडते, आधी वर एक फडकं धरा). पॅड काढल्यावर आत एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असेल तो फाडू नका, खालून ब्लेडने सोडवून वर दुमडा आणि शेवटी परत चिकटवा. तो नसेल तर काचेवरून आत येणारं पाणी थेट पॅडवर आणि पायात येतं. डॅम्पिंग लावताना दाराच्या तळाची पाण्याची भोकं उघडी ठेवा, नाहीतर दार आतून सडेल.

स्पीकर घेताना वॅटपेक्षा खोली बघा. स्पेसर रिंग लावा, दोन स्क्रू घाला, आणि काच पूर्ण खाली घेऊन बघा मॅग्नेटला किंवा यंत्रणेला लागते का. हे बघितल्याशिवाय बाकीचे स्क्रू आवळू नका.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वायरमन भाऊ, तुमचं बरोबर आहे, चार्जर काढल्यावर आवाज गेला!

तर ठरलं असं, सिंगल डिन, सीडी नसलेला, गोल बटणवाला डेक, खाली कप्पा. दारात कमी खोलीचे साडेसहा इंची, हेडरेस्टचे राहणार. सब रद्द.

आता राहिला अ‍ॅम्प. सीटखाली जागाच नाही, सीट जवळजवळ जमिनीला टेकलेल्या आहेत. शेजारच्या सीटच्या पायाशी गालिच्याखाली बसवावा असं वाचलं, पण तिथे पत्र्याखाली गाडीचा कॉम्प्युटर आहे ना? दुसरी जागा म्हणजे सीटच्या मागची फळी.

पॉपअप

दोन्ही नको. पायाशी ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, आहे, बरोबर, अमेरिकेतल्या गाड्यांना तिथेच असतो, तिथे स्क्रू मारायचा विषयच नाही. आणि सीटच्या मागच्या फळीखाली पेट्रोलची टाकी आहे! फळी, तिच्या खालचा पत्रा, डिकीची पुढची भिंत, यात कुठेही ड्रिल घालायचं नाही, अर्धा इंच सुद्धा नाही. शिवाय छताचं पाणी वाहून जायच्या नळ्या सीटच्या मागेच दोन्ही बाजूंना आहेत, त्या पानांनी तुंबल्या की पाणी तिथेच गाडीत उतरतं. त्या आधी साफ करून घ्या, स्टिरिओ नसता तरी करायलाच हव्यात.

डिकीत ठेवा. बॅटरी तिथेच आहे, उजव्या बाजूला, म्हणजे पॉवरची वायर हात-दीड हात. बाकी गाड्यांमध्ये लोक इंजिनपासून मागपर्यंत जाड वायर ओढतात, आपल्याला ते करावं लागत नाही. गालिचाच्या मापाची पातळ प्लायवूड कापा, तिला अ‍ॅम्प स्क्रू करा आणि प्लायवूड मूळच्याच बोल्टला अडकवा. पत्र्याला भोक नाही.

वायरमन_पुणे

आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, टर्मिनलपासून वीतभरात. फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, आणि टाकी एवढ्या जवळ असताना हे टाळायचं नाही. ४५ बाय ४ च्या अ‍ॅम्पला ८ गेजची तांब्याची वायर भरपूर झाली, स्वस्तातली तांबं चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका. फ्यूज अ‍ॅम्पच्या पुस्तकात लिहिलाय तोच. रेडिओच्या मूळ फ्यूजवरून अ‍ॅम्पला करंट देऊ नका, तो तेवढ्यासाठी नाहीये. अर्थ डिकीतल्याच मूळ बोल्टला, खालचा रंग नीट खरवडून, नंतर वर ग्रीस. सिग्नलच्या वायरी गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट असल्याशिवाय एकही वायर न्यायची नाही, धार वायरीचं इन्सुलेशन कापते.

आणि ताई, गाडी हिवाळाभर उभी राहते म्हणालात, तर त्या काळात अ‍ॅम्पचा फ्यूज काढून ठेवत जा.

घाटवाट

पटलं. डिकीच ठरली. जुना स्टिरिओ, स्पीकर, स्क्रू सगळे नावं लिहून एका खोक्यात ठेवतेय, गाडीबरोबरच राहतील. एप्रिलमध्ये काम काढते, शेवटचं एकच विचारते, पुढच्या दारांना हाय पास किती ठेवू?

खर्ज

८० वर सुरू करा. डॅम्पिंग नीट बसलं आणि दार थरथरत नसेल तर ६५ पर्यंत उतरवून बघा, म्हणजे खर्जाची तार आत येईल. लावताना गाडी उभी ठेवून ठरवू नका, छत उघडून हायवेवर शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यांच्याकडून बदलून घ्या.