बाप्तिस्म्यानंतर खरा बदल कधी घडतो?

प्रश्न: पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी अंतःकरणाचे परिवर्तन त्यांनी त्यानंतरच्या काळातले मानले, असे वाचले. मग देवाच्या आज्ञेत चालणे नेमके कुठून सुरू होते?

उत्तर 1: माझ्या मते, ते त्यांच्या कामात दिसते. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना निवारा मिळाला, शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले. तिथल्याच छापखान्यात मुली छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवीत, आणि साध्या माणसाला कळावे म्हणून रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत राहिल्या, अगदी 1922 साली मृत्यू येईपर्यंत. बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो. हे आज्ञापालन मात्र जवळजवळ चाळीस वर्षांचे आहे.

उत्तर 2: रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही तसेच. 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला.

उत्तर 3: स्वतःचे सांगतो. जमिनीच्या वादामुळे मी धाकट्या भावाशी नऊ वर्षे बोलत नव्हतो. ‘आधी भावाशी समेट कर, मग वेदीवर अर्पण दे’ ही प्रभूची आज्ञा दर रविवारी टोचत असे. अखेर त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा शब्द फुटेना. त्यानेच पाण्याचा तांब्या पुढे केला.